शीर्षकात राहिलेला पूर्वपक्ष

आमच्या डिचोलीच्या देवळात भजनी सप्ताहाच्या सायंकाळी प्रवचन असते. त्या वर्षी प्रवचनासाठी माझ्या सहाध्यायाला बोलवावे, हा माझा हट्ट देवस्थान समितीने मान्य केला होता. फोंड्याकडच्या पाठशाळेत आम्ही दोघे एकाच चटईवर बसून न्याय आणि वेदान्त शिकलो. पुढे राजभाषेच्या आंदोलनात तो कोकणीच्या व्यासपीठावर गेला आणि मी मराठीच्या. आमच्यात भांडण झाले नाही. झाले असते तर मिटवता तरी आले असते. केवळ येणेजाणे थांबले. गोवा घटकराज्य झाले, तो पेडण्यात राहिला, मी इथे. निमंत्रणही समितीनेच पाठवले. फोन करण्याचे धैर्य मला झाले नव्हते. त्याचा आवाज आपल्या सभामंडपात एकदा ऐकावा, एवढीच इच्छा उरली होती.

सप्ताह तोंडावर आला असताना समितीचे अध्यक्ष घरी आले. "गुरुजी, तुमच्या मित्रानं घात केला," म्हणत त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. एका वृत्तसंकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत होते : "देवळांतली मराठी बंद करा!" ज्येष्ठ पंडितांच्या वक्तव्याने खळबळ.

"आता आमच्याच देवळात येऊन आमचीच आरती बंद करणार? लोक मला विचारतात."

"लोकांनी खालची बातमी वाचली का?"

"खालचं कोण वाचतं, गुरुजी? वर अवतरणचिन्हांत त्यांचंच वाक्य आहे ना!"

मन म्हणत होते, तो असे बोलणार नाही. पण स्नेह हे प्रमाण नव्हे. आप्ताचे वाक्य प्रमाण मानायचे, तर ते वाक्य त्याचेच आहे का, हे आधी पाहावे लागते. मी एका दिवसाची मुदत मागितली.

सुनेला शेजारी बसवून बातमी वाचून घेतली. सभा कुठली, ऐकणारे कोण, लिहिणारा कोण, काहीच नव्हते. 'एका कार्यक्रमात' एवढेच. छायाचित्र त्याचेच होते, पण त्यात त्याचे केस काळेभोर होते. तो आंदोलनाच्या दिवसांतला चेहरा.

"फोटोच इतका जुना, बाबा. मग बाकीच्यावर काय विश्वास ठेवायचा?" असे म्हणून ती बोटाने बातमी पुढे सरकवू लागली. मीच तिला थांबवले. "थोडं राहू दे तो फोटो."

अखेर तिने पेडण्यातल्या एका व्याख्यानाचे तासाभराचे चित्रमुद्रण शोधून काढले. पांढऱ्या केसांचा माझा मित्र कोकणीतून बोलत होता. मध्यावर तो म्हणाला, "कोण म्हणटलो, राज्य कोंकणीचें जालें, मागीर देवळांत मराठी कित्याक?" मग देवळात मराठी कशाला, असा कुणाचा तरी प्रश्न मांडून तो थांबला. ती उसंत माझ्या ओळखीची होती. शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडतात, तेही त्याला स्वतःला जमले नसते इतके नेटके. तो पूर्वपक्ष. मग त्याचे खंडन आणि शेवटी आपला सिद्धान्त. माझा मित्रही त्यानंतर बराच वेळ ते म्हणणे खोडत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ज्या उतरांनी आमचे पुर्वज देवाकडेन उलयले, तीं उतरां देवळाभायर काडपाचो अधिकार म्हाका ना." पूर्वज ज्या शब्दांनी देवाशी बोलले, ते शब्द देवळाबाहेर काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा त्याचा सिद्धान्त.

शीर्षककाराने पूर्वपक्ष तेवढा उचलला, प्रश्नाची आज्ञा केली आणि ती माझ्या मित्राच्या तोंडी घातली. अवतरणचिन्हांतले वाक्य त्या तासाभरात कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी ते मुद्रण माझ्यासमोर बसून पूर्ण पाहिले. "माणूस निर्दोष आहे, गुरुजी. पण ज्यांनी शीर्षक वाचलं, त्या सगळ्यांना मी तासभर कुठे बसवू? देवाच्या दारात कुणी आरडाओरडा केला तर? पुढच्या वर्षी बघू."

"आमच्या वयात पुढचं वर्ष गृहीत धरत नाहीत," मी म्हणालो. ते खाली मान घालून गेले.

मग मी पेडण्याला फोन केला.

"मी. डिचोलीहून."

त्याने आवाज ओळखला, अखेर आलास म्हणून ओरडलाच. "आयलो मरे निमाणो! म्हजो पूर्वपक्ष!" बातमी त्यालाही कळली होती. "तूं खरें मानलें तें?"

"नाही. तपासलं."

"तपासलें? म्हणजे दुबाव आशिल्लो मरे तुका!" माझ्या संशयावर तो खळखळून हसला.

मी सप्ताहातले प्रवचन रद्द झाल्याचे सांगितले. हसू थांबले. "बरें," तो म्हणाला. "तुमच्या देवळांत उलोवपाची आस आशिल्ली. रावली." बोलायची आस तशीच ठेवून त्याने विचारले, "तळयेचें उदक अजून तशेंच थंड आसा?"

पाठशाळेच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला, की देवळाच्या तळीतून आम्हाला ओढून बाहेर काढावे लागे. 'हो' माझ्या ओठांवर आले होते. पण गुडघे दुखू लागल्यापासून मी त्या पायऱ्या उतरलोच नव्हतो.

"पाहून सांगतो," मी म्हणालो.

"पळय. मागीर सांग."

काठी घेऊन देवळाकडे निघालो. कठड्याला धरत पायऱ्या उतरलो, खालच्या पायरीवर बसलो आणि पाय पाण्यात सोडले. पाणी थंडच होते. त्याला ते कळवायचे होते, तरी लगेच उठवेना.