कापगत्यांच्या घरातली ओ

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या कापगत्यांच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आंघोळीला गेला, की त्याची परीक्षाच असे. दोन तांबे अंगावर पडतात न पडतात तोच दारावर थाप पडायची आणि बाहेरून भारदस्त आवाज यायचा, "आहे का?" आतल्याने "ओ" द्यायची. नाही दिली तर थाप वाढत जायची. दुर्गच्या मोहन नगरचे व्याही रेल्वेतले शिस्तीचे गृहस्थ, पण पहिल्याच मुक्कामाला ते एवढे बावचळले की टॉवेल गुंडाळून, कानात साबणाचा फेस घेऊन दार उघडून उभे राहिले. "काय झालं, काय झालं?" तर काही नाही. जिवंत आहेत की नाही, एवढंच विचारायचं होतं.

आवाज तेजराम कापगत्यांचा. साकोलीकडून पोटासाठी आलेल्या ह्या माणसाची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये, गॅस सेफ्टीत गेली. तिथे रीत अशी, की कोणी गॅसच्या जागी उतरला तर एकाने दाराशी उभं राहायचं, मधूनमधून हाक मारायची आणि आतल्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर माणूस पडला असं धरून चालायचं. कसा आणि का, हे नंतर. रिटायर झाल्यावर प्लांट सुटला, रीत सुटली नाही. क्वार्टर आता मुलाच्या, प्रफुल्लच्या नावावर होतं, तोही प्लांटमध्येच. पण बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता, आणि गीझर म्हणजे तेजरामांच्या लेखी धाकटी भट्टीच.

ह्या कामाने माणसाला एक खोड लागते. भट्टीच्या गॅसला रंग नसतो आणि वासही नसतो. त्यामुळे जिथे काही दिसत नाही, काही जाणवत नाही, तिथेच खरी गोम आहे अशी तेजरामांची पक्की श्रद्धा झाली होती. दूध पातळ आलं तर ते गप्प बसायचे. घट्ट आलं की दूधवाल्याला उभा करून विचारायचे, "आज कावून एवढं चांगलं?"

एकदा सून दामिनीने बाथरूम धुताना अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर टाकली. घसा धरून बिचारी अंगणात खोकत बसली. तेजरामांनी त्या दिवशी घरातली बाटली न् बाटली बाहेर काढली, त्यात बायकोचं, सिंधुताईंचं, गुलाबपाणीसुद्धा गेलं. "या घरात आता केमिकल येनार नाई!" त्यांनी बायकोला बजावलं. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांची चूक काहीच नव्हती, पोरीचा जीव वाचला. पण माणूस एकदा बरोबर ठरला की पुढे त्याला आवरणं कठीण.

आणि दामिनीला नेमकं रसायनशास्त्रच शिकायचं होतं. ती बी.ए. झालेली. दुर्गमध्ये पाणी तपासणीचा डिप्लोमा होता. तो केला की लॅबमध्ये काम मिळण्याची आशा. अट एकच, की ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा कोर्स ऑनलाइन पास व्हायचा. मोबाइलवर लेक्चर, घरी करायचे प्रयोग आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर बसून एकच पेपर. पास झाली तर ह्याच वर्षी प्रवेश. कॉपी करताना सापडली तर नाव कायमचं कटणार. दामिनी सांगून टाकू म्हणत होती, पण प्रफुल्ल म्हणाला, "बाबाले रिझल्टनंतर सांगू." सिंधुताईंनी मान डोलावली. चार माणसांच्या घरात तिघांना माहीत आणि चौथ्याला नाही, असा कारभार सुरू झाला.

संशयी माणसापासून गोष्ट लपवायची म्हणजे मांजरापासून दूध झाकायचं. दूध नाही दिसलं तरी झाकण दिसतंच.

आधी एक पार्सल आलं. दामिनीने ते पदराखालून खोलीत नेलं. मग किराणा आणायच्या पिशवीतून जांभळी पत्ताकोबी निघाली. ती उकळली गेली, पण ताटात काही आली नाही. तिचं पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे. हळदीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाळत घातलेल्या. लिंबं संपत होती, खायचा सोडा संपत होता, आणि घरात भजी काही होत नव्हती. तेजरामांनी बाटलीचं बूच काढून दुरूनच हाताने वारा नाकाकडे ओढला. वास खास असा नव्हता. तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"अवं, सून हे काय करून राहिली?" त्यांनी सिंधुताईंना विचारलं.

"सरबत आहे जी."

"जांभळं?"

"मग? आजकाल भेटते."

सिंधुताईंना खोटं बोलता येत नसे; बोलताना त्या पदराने ओटा पुसू लागत. त्या दिवशी ओटा चांगलाच लखलखला. तेजरामांनी बायकोचंही नाव संशयितांत घातलं.

त्याहून वाईट म्हणजे आवाज. दुपारी दामिनीच्या बंद खोलीतून पुरुषाचा आवाज यायचा, हिंदीत, न थांबता. तेजराम पेपर वाचायचं निमित्त करून दाराजवळची खुर्ची धरायचे, पण पंख्याच्या घरघरीत शब्द काही लागायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलंच, "कोन बोलून राहिलं?"

"मोबाइल आहे, मामाजी."

"मोबाइल एवढा वेळ एकटाच बोलते?"

दामिनी हसली आणि आत गेली. त्या हसण्याने त्यांचा पुरता घात केला. प्रफुल्ल शिफ्टवरून आला की दोघं नवराबायको कुजबुजायची, आणि हे आले की गप्प. सगळं घर एका बाजूला आणि आपण दुसऱ्या, असं त्यांना वाटू लागलं. तसं ते होतंही. ज्याच्या शब्दावर प्लांटमध्ये माणसं आत जात आणि बाहेर येत, त्याला स्वतःच्या घरात फ्रिजमध्ये काय आहे हे कोणी सांगत नव्हतं. वाईट वाटत होतं त्यांना. पण वाईट वाटतंय असं म्हणायची सवय नसलेला माणूस संशय घेतो, तो त्याला सोपा पडतो.

पेपरचा दिवस उजाडला. प्रफुल्ल प्लांटमध्ये. सिंधुताईंनी नवऱ्याला सोबत बाजारात न्यायचं ठरलं होतं. पण त्यांनी तीनदा आग्रह केला, आणि तिथेच घोळ झाला. एरवी एकदाही "चला" न म्हणणारी बायको तीनदा म्हणते, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. तेजरामांनी गुडघा धरला, "दुखून राहिला," म्हणाले, आणि घरीच राहिले. सिंधुताई थोडा वेळ घुटमळल्या, मग नाइलाजाने एकट्या गेल्या.

उन्हाळ्याची दुपार. तेजराम व्हरांड्यात आले तर खिडकीतून दिसलं, की दामिनी लॅपटॉप हातात धरून खोलीभर फिरवते आहे. भिंती, कपाट, पलंगाखालची जागा सगळं कोणाला तरी दाखवते आहे. मग केस मागे सारून तिने आपले कान दाखवले. नंतर खिडकी लावून पडदा ओढला. कुलर बंद केला, पंखा बंद केला. आतून कडी लागली.

बिचारी पेपरचे नियम पाळत होती. खोलीत दुसरं कोणी नाही, कानात काही नाही, हे दाखवायचं. आवाज नको म्हणून कुलर बंद. आणि एकदा पेपर सुरू झाला की बोलायचं नाही, मान वळवायची नाही, उठायचं नाही. पण तेजरामांना नियम कोण सांगणार? ते दाराशी आले आणि थाप मारली.

"दार उघड! कोन आहे आत तुह्यासंग?"

उत्तर नाही.

"दामिनी! मी बोलून राहिलो!"

तरी नाही. आणि इथे एक झालं. तेजरामांच्या आतला सासरा मागे हटला आणि गॅसवाला पुढे आला. बंद खोली, लावलेल्या खिडक्या, बाटल्यांमध्ये देव जाणे काय, आणि हाकेला ओ नाही. ह्या घरात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी दाराच्या फटीला नाक लावलं. कसलाही वास येत नव्हता.

वास येत नव्हता म्हणून त्यांची खात्रीच पटली.

"पोरी, ओ दे! दामिनी, ओ दे वं!" आता आवाज फाटला होता. गुडघा दुखतो हे ते विसरले. खांद्याच्या दोन धडकांत कडी उखडून पडली. श्वास रोखून ते आत घुसले, मागून दामिनीच्या काखेत हात घातले आणि शिकवल्याप्रमाणे तिला खुर्चीवरून उचलून, पाय फरफटत, थेट व्हरांड्यात आणलं. आणि ती पोर! फरफटत असतानाही तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, नजर शेवटपर्यंत स्क्रीनवर. व्हरांड्यात आल्यावर ती हुंदका देऊन म्हणाली, "मामाजी, माझा पेपर होता."

संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही. प्रफुल्लने बापाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेजराम ऐकून घेत होते आणि मधूनमधून "मग मले कावून नाई सांगितलं?" एवढंच म्हणत होते. मग परीक्षावाल्यांचा मेल आला. पेपर थांबवला आहे. बाहेरच्या पुरुषाने येऊन उत्तरं सांगितल्याचा संशय आहे. विद्यार्थिनी आणि तो पुरुष, दोघांनी व्हिडिओ कॉलवर हजर व्हावं. उभा जन्म दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच कोणी रीतसर संशय घेतला होता.

कॉलच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. समोर चष्मा लावलेल्या एक मॅडम. तेजरामांनी पहिलं वाक्य टाकलं, "पहले आप अपना आयकार्ड दिखाइए. आजकल वीडियो कॉल पर बहुत फ्रॉड चलता है." प्रफुल्लने कपाळावर हात मारला. मॅडमनी मात्र शांतपणे कार्ड दाखवलं. बहुधा त्यांचाही धंदा तोच होता.

तेजरामांनी तयारी केली होती. मी गॅसवाला, खोली बंद होती, गॅसची भीती वाटली, म्हणून दार तोडलं. सांगितलं. चांगलं सांगितलं. दामिनीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं.

तेजरामांनी सुनेला त्या दिवशी पाठमोरी ओढलं होतं. तिचा चेहरा त्यांना आता दिसला. दारावर पहिली थाप पडली तशी ती दचकली. मग त्यांचाच आवाज आला, "कोन आहे आत तुह्यासंग?" खोलीच्या आतून तो किती घाणेरडा ऐकू येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दामिनीचे ओठ उघडले आणि तिने ते दातांखाली घट्ट धरले. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते तिने पुसलं नाही. हात हलवला तर कॉपी ठरेल म्हणून.

मॅडमनी ते थांबवलं. त्यांना मराठी समजत असावं. "आपने पहले पूछा, अंदर कौन है. गैस का तो नाम ही नहीं लिया. आप सच नहीं बोल रहे. किस बात का इशारा था ये?"

खोलीत प्रफुल्ल होता, सिंधुताई होत्या, आणि बाजूच्या खुर्चीवर दामिनी. गॅसचीच गोष्ट रेटली असती तर अब्रू राहिली असती आणि पोरीचं नाव कटलं असतं. तेजरामांनी घसा साफ केला.

"इशारा नहीं, मैडम. मुझे बहू पर शक था. मैंने सोचा, अंदर कोई आदमी है."

सिंधुताईंचा हात ओट्याशिवायच पदराकडे गेला. प्रफुल्लने मान खाली घातली. तेजराम थांबले नाहीत, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. "कई दिनों से शक था. गैस का डर बाद में आया, जब इसने जवाब नहीं दिया. हमारे घर में आवाज़ दी तो जवाब देते हैं, चाहे नहाते हों. इसने नहीं दिया. एक शब्द बोलती, तो मैं दरवाज़ा नहीं तोड़ता. इसने आपका नियम रखा और हमारा तोड़ दिया. मैं घसीट रहा था, तब भी नहीं बोली. आप उस पर शक मत कीजिए. एक घर में एक शक करने वाला बहुत है."

मॅडमनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाल्या, पेपर पुन्हा होईल.

कॉल बंद झाल्यावर तेजराम उठून अंगणात गेले. दामिनी त्यांच्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. चहा ठेवायची, ताट वाढायची, पण शब्द नाही. त्यांनी तक्रार केली नाही. आंघोळीच्या वेळी ते आता बाहेरून हाकही मारत नसत. गीझरच त्यांनी काढून टाकला आणि विजेचा लावला. उखडलेल्या कडीच्या जागी बसवायला पावर हाउसच्या बाजारातून नवी कडीही आणली. दामिनीने ती हातातून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

पुन्हा पेपरचा दिवस आला. तेजराम चपला घालून बाहेर निघाले होते, पेपर संपेपर्यंत मार्केटमध्ये बसावं म्हणून. तेवढ्यात दामिनीने प्लास्टिकची खुर्ची आणून आपल्या दाराबाहेर ठेवली, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत गेली. कडी नव्हतीच. दार नुसतं लोटलेलं होतं, वाऱ्याने किलकिलं होत होतं.

तेजराम बसले आणि बाहेरून दाराची मूठ धरून ठेवली. सिंधुताई काही विचारायला आल्या, त्यांनी हातानेच परत पाठवलं. आतून कसलाही आवाज नव्हता. कुलर बंद, पंखा बंद, वास कसलाच नाही. जन्मभराची सवय घशाशी येत होती. एक हाक, नुसती एक हाक. त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबलं आणि घामाने निथळत बसून राहिले. आत काय चाललं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसताना बसायचं होतं. एवढं अवघड काम त्यांनी प्लांटमध्ये कधी केलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने आत खुर्ची सरकली. लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. तेजराम गप्पच राहिले. मूठ मात्र सोडली नाही.

मग त्यांनी हाक मारलेली नसताना, आतून दामिनीचा आवाज आला.

"ओ, मामाजी."