प्रेसनोटमध्ये अटक नव्हती

आधी दुरुस्ती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कोल्हापुरातल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर मथळा होता : ‘शाळेतील सूक्ष्मदर्शक चोरणारा सराईत शिपाई गजाआड’. राजारामपुरीतल्या त्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला अटक झाली नव्हती. तो सराईत नव्हता. त्याच्यावर आधी एकही गुन्हा नव्हता, नंतरही दाखल झाला नाही. बातमी मी लिहिली होती आणि अटक नाही, सराईत म्हणायला आधार नाही, हे मला लिहितानाच माहीत होतं.

ही दुरुस्ती तेव्हा छापू न देणारा आमचा वृत्तसंपादक अजून शहरात आहे. त्याचे सत्कार होतात. नव्या पत्रकारांना तो सचोटीवर व्याख्यानं देतो. त्याने हे वाचावं, त्याच्या बायकामुलांनी वाचावं, म्हणून लिहायला बसलो. सूड म्हणा. मीही तोच शब्द वापरतो.

त्या वर्षी जिल्ह्यातले एक पोलीस अधिकारी परप्रांतातले होते. मराठी बोलायचे, लिहायचे मात्र इंग्रजीत. त्यामुळे संध्याकाळी पाचच्या सुमारास येणारी प्रेसनोट इंग्रजीत टाइप केलेली असे. डेस्कवर इंग्रजी बरं येणारा मी एकटा. बाकीच्यांसाठी मी एक तक्ता करून भिंतीवर डकवला होता. सस्पेक्ट म्हणजे संशयित. अक्यूज्ड म्हणजे आरोपी. कन्व्हिक्ट म्हणजे शिक्षा झालेला. डिटेन्ड म्हणजे चौकशीसाठी ताब्यात, अरेस्टेड म्हणजे अटक. अलेज्ड म्हणजे कथित. तक्त्याचा मला अभिमान होता. वृत्तसंपादकाने एक दिवस तो वाचला, लाल पेनाने शेजारी आणखी एक रकाना ओढला आणि संशयित, आरोपी, शिक्षा झालेला या तिघांपुढे ‘चोरटा’ लिहिलं. ताब्यात आणि अटक, दोन्हींपुढे ‘गजाआड’. अलेज्डपुढे नुसती फुली.

‘मथळ्यात बसाय नको व्हय?’ म्हणाला. आम्ही हसलो. महिन्याभरात सगळे लाल रकान्यातूनच लिहू लागले. मीही.

त्या संध्याकाळच्या प्रेसनोटमध्ये शाळेतल्या चौघांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं आहे, अद्याप कोणालाही अटक नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी तसंच लिहून दिलं. वृत्तसंपादकाने कागद परत टाकला.

‘चौघं ताब्यात, ही काय बातमी हाय? चौघं म्हंजे कुणीच न्हाय. एक धरा की.’

‘कुठला धरू?’

‘ऱ्हायला कुठं हायत बघा.’

प्रेसनोटमधले तिघांचे पत्ते पेठांमधले होते. चौथ्याचा, प्रयोगशाळेतल्या शिपायाचा, बौद्ध वस्तीतला. मी चौथा धरला. इथवर त्याचा हुकूम होता. पण ‘सराईत’ हा शब्द त्याने सांगितला नव्हता. तो माझ्या हातून, पत्त्याकडे बघून आपोआप उतरला. हेही लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी चौघांनाही घरी सोडलं. आठवड्याने कळलं की सूक्ष्मदर्शक चोरीला गेलेच नव्हते. शाळेनेच ते दुरुस्तीला पाठवले होते आणि सांगणारा मास्तर रजेवर होता. तरी शिपायाला शाळेने आत घेतलं नाही. मुख्याध्यापक त्याला म्हणाले, ‘पोलिसांचा कागद नको मला. पालक पोलिसांचा कागद वाचत नाहीत. पेपरात आलंय, पेपरातच उलटं छापून आण, मग हजर हो.’

म्हणजे त्याची नोकरी आमच्या चार ओळींवर अडली. तो रोज यायचा. पांढरा शर्ट, हातात बातमीचं कात्रण. ‘चारच वळी, साहेब. आतल्या पानावर चालत्यात.’ मी वृत्तसंपादकाकडे बोट दाखवायचो. वृत्तसंपादक मला म्हणाला, ‘पेपर चुकतोय म्हणून छापलं तर उद्यापासनं भिणार कोण आपल्याला?’ चार ओळी आल्या नाहीत. शाळेने दुसरा शिपाई नेमला.

मग त्याने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आरोपी वृत्तसंपादक, मी बचावाचा साक्षीदार. चार वर्षं तारखा पडल्या. आमच्या लाल रकान्याप्रमाणे वृत्तसंपादक त्या काळात ‘चोरटा’ ठरायला हवा होता, पण त्या खटल्याची ओळसुद्धा आम्ही छापली नाही. साक्षीच्या आदल्या दुपारी त्याने मला चहाला नेलं. सहसंपादकाची जागा रिकामी होत होती, एवढंच तो बोलला.

कोर्टात शपथेवर विचारलं, प्रेसनोटमध्ये काय होतं? मी म्हणालो, अरेस्टेड होतं. सराईत होतं? होतं. प्रेसनोट कुठे आहे? रद्दीत गेली. पोलिसांकडची प्रत सापडत नव्हती, अधिकारी बदलून गेले होते. मूळ कागद माझ्या घरी, कपाटात होता.

बाहेर व्हरांड्यात शिपायाची बायको उभी होती. ओरडली नाही. ‘इंग्रजी येतंय न्हवं तुमास्नी? आमास्नी येत न्हाय म्हणून फसलो. तुमी तर वाचून खोटं बोलला की.’

वृत्तसंपादक निर्दोष सुटला. एवढ्या वर्षांत कोणाच्याही सुटकेची बातमी आम्ही दिली नव्हती. ही पहिल्या पानावर, फोटोसकट दिली. मथळा मीच केला : ‘अखेर सत्याचा विजय’. सहसंपादकाची जागा त्याच्या मेहुण्याला मिळाली. पुढच्या वर्षी मला शाल आणि नारळ देऊन घरी बसवलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. परवा वृत्तसंपादकाच्या एका सत्काराची पत्रिका माझ्याकडेही आली. मग मी कपाटातली प्रेसनोट काढली, बारा पानं लिहिली आणि कागलला गेलो. शिपाई तिथे एका कारखान्याच्या गेटवर नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी घरी होता. ओळखलं त्याने, पण नाव घेतलं नाही.

‘या पावणं. बसा.’

प्रेसनोट त्याने स्वतः वाचली. कोर्टाच्या चार वर्षांत तो इंग्रजी शिकला होता. ‘डिटेन्ड फॉर क्वेश्चनिंग,’ सावकाश म्हणाला. ‘व्हय. एवढंच झालतं.’ त्याची बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. चहाचं कोणी विचारलं नाही.

मग बारा पानं चाळली. अकरा वृत्तसंपादकावर होती.

‘त्येनं तुमास्नी काढलं म्हणून आलाय की.’

त्याने पानं माझ्यापुढे सरकवली.

‘माझ्या खांद्यावर बंदूक नगं. आधी तुमचं लिवा.’

तिथेच बसून मी शेवटच्या पानाच्या मागे स्वतःचं लिहिलं. मनापासून लिहिलं. मी सराईत गुन्हेगार आहे, एका घराचा खुनी आहे, असं. त्याने पेन मागून घेतला आणि ‘सराईत’ खोडलं. ‘गुन्हेगार’ खोडलं. ‘खुनी’वर दोनदा रेघ मारली.

‘तुमच्यावर खटला झालाय? शिक्षा झालीया? न्हाय. मग कशाला लिवता? शपथ घिऊन खोटं बोलला, तेवढंच लिवा. जादा लिवलं की लोकांस्नी तुमची कीव येती. मला ती यायला नगं.’

मी तेवढंच लिहिलं. त्याने वाचलं, पेन परत दिला.

‘आता त्येचं लिवा,’ म्हणाला. ‘त्येचं बी तेवढंच. सुटाय जागा ठिवू नका.’