तुपाचा उंचवटा

मी सहा महिने तुपाची उष्णता मोजली आणि ती अर्धवाहकाची म्हणून लिहिली.

काम मुंबईच्या प्रयोगशाळेतलं, घर पनवेलला. इंडियम आणि अँटिमनी यांच्या संयुगाचा, म्हणजे एका अर्धवाहकाचा, नखाएवढा स्फटिक द्रव हवेनं थंडगार करायचा, मग विजेच्या तारेनं मोजून-मापून उष्णता द्यायची आणि तापमान किती चढतं ते पाहायचं. स्फटिकातली अणूंची जाळी कशी थरथरते, ते त्यावरून कळतं. तारेची उष्णता स्फटिकात नीट उतरावी म्हणून दोघांमध्ये एक परदेशी ग्रीस लावावं लागे. ते संपलं. नवं मागवलं, ते गोदीत अडकलं. मी घरून डबीत तूप नेलं. लावलंही सढळ हातानं. आमच्याकडे वाढायची पद्धतच तशी.

एकेक अंश चढायला किती उष्णता लागते त्या आलेखावर, बर्फाच्या तापमानाच्या जरा खाली, एक देखणा उंचवटा आला. असा आजवर कुणालाच आला नव्हता. दिवाळीनंतर तो थोडा सरकला, तेव्हा मी अणूंच्या दोन तऱ्हेच्या थरथरी कल्पून निबंधात चार पानं वाढवली. निबंध सोमवारी परदेशी रवाना व्हायचा होता आणि माझी डॉक्टरेट त्या उंचवट्यावर बसली होती.

रविवारी अलिबागला जाताना आमचे सर निबंधावर शेवटचा हात फिरवायला घरी उतरले. आईनं त्यांना जेवायलाच बसवलं.

"घ्या मास्तर, लाजू नका. घरचं हाय," म्हणत तिनं भातावर तूप ओतलं. "ह्याच्या हापिसात तर डबीच्या डबी जाते. कसल्या थंड मशीनला लावतो म्हणे."

सर जेवायचे थांबले. मला म्हणाले, "कुठे लावतोस?"

"स्फटिकाला." खोटं काही सुचेना.

सरांनी डाव्या हातानं पिशवीतून आलेख काढला. "आई, हे तूप कायम एकाच म्हशीचं का?"

"नाय ओ. दिवाळीला म्हस आटली. तवापासून शेजारच्या गाईचं."

सरांनी सरकलेल्या उंचवट्यावर बोट ठेवलं, मग आलेखाची घडी करून माझ्या पानाशेजारी ठेवली. "ग्रीस आलं की पहिल्यापासून मोज," म्हणाले, आणि वाटी तुपासाठी पुढे केली.

"काय झालं मास्तर?" आईनं विचारलं.

"काही नाही. थंडीत तूप गोठतं, असं यानं शोधून काढलंय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "एवढी वर्सं शिकून ह्ये? आमच्या म्हशीलापण ठाऊक हाय."