काळ्या खिडकीतली मराठी

लोअर परळला, मिल पाडून उभ्या केलेल्या इमारतीत आमचं ऑफिस होतं; तिथे एक सहकारी माझ्या शेजारी बसायचा. आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, टर्मिनल, आम्ही सगळे इंग्रजीतच ठेवायचो. त्याने मात्र भाषा मराठी निवडली होती. अक्षरांच्या जागी आधी नुसते चौकोन आले. मग काना-वेलांट्या सुट्या होऊन पाण्यावरच्या पानांसारख्या तरंगायला लागल्या. तो अक्षरांचं एन्कोडिंग बदलायचा, फॉन्ट बदलायचा आणि पुटपुटायचा, "जुळ रे बाबा, जुळ."

एका सुस्त दुपारी अक्षरं जुळली. तपासायला म्हणून त्याने टर्मिनलला एक कुलूपबंद फाइल उघडायला सांगितली. तेवढ्यात त्याचे वडील विसरलेला डबा घेऊन आले. ते याच मिलमधले. संपात नोकरी गेल्यावर ते पहिल्यांदाच या आवारात आले होते. पडद्यावरचं त्यांनी सावकाश वाचलं, "परवानगी नाकारली."

आणि हसले. "संपानंतर गेटार पण ह्याच लिवलेला, रे."

पडद्यावरची ओळ पुसून त्याने टाइप केलं, "बाबा, आत येवा."

वडिलांनी चष्मा पुसला, ते पुन्हा वाचलं आणि मगच खुर्चीवर टेकले.