बिनफेसाचा अननस

लग्न जमण्याशी भेंडीचा काहीही संबंध नसतो. आमच्या घरी तो आला, आणि त्याला जबाबदार मी आहे असं घरातल्या तिघांपैकी दोघींचं मत आहे. (तिसरा मी.)

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. नोकरीमुळे चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये इतकी वर्षं काढली की आता भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडता येतं. आमची अनघा अड्यारला नोकरीला आहे. तिथंच तिला श्रीराम भेटला. तंजावरकडचा मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. एका रविवारी त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. वडिलांना, म्हणजे माधवरावांना, डॉक्टरांनी चहा-कॉफी बंद केलेली.

"ते फक्त ताजा ज्यूस घेतात," अनघा म्हणाली आणि लगेच माझ्याकडे वळली. "बाबा, मला श्रीराम खरंच खूप आवडतो. प्लीज, तुमचे प्रयोग नकोत!"

आता मला सांगा, साध्या ज्यूसमध्ये कसला आलाय प्रयोग?

सकाळी रंगीत तालीम म्हणून मी अननस मिक्सरमध्ये घातला आणि बटण थेट तीनवर नेलं. ग्लासात ओतलं तर बोटभर रस आणि वर वीतभर फेस! होणाऱ्या व्याह्यांना काय फेस पाजायचा?

"अहो, मिक्सर हळू फिरवा, रस गाळा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा," आमची सौ. सुनंदा म्हणाली. "थोडा वेळ द्या, आपोआप बसतो फेस."

मी जन्मभर कारखान्यात तपासणी खात्यात काम केलंय. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही! आधी मी चमच्यानं फेस काढायला घेतला. फेसाबरोबर रसही निघाला आणि शेवटी ग्लासात चमचाच तेवढा उरला. मग मला शेजारच्या मल्लिगाअक्का आठवल्या. त्या रोज सकाळी कॉफी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हातभर उंचीवरून ओततात. मीही ओतला. फेस ओट्यावरून शेगडीपर्यंत गेला!

नेमक्या अक्का कढीपत्ता मागायला दारात. "अय्यो सार! ते फेस यायला करतात, जायला नाही!" त्या कढीपत्ता विसरल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

आणि तेवढ्यात मला मामाचं गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत उसाचा रस उकळत असताना त्यात भेंडीचं चिकट पाणी घालतात. सगळी मळी वर येते, ती काढून टाकली की खाली रस कसा नितळ! फेस म्हणजे तरी काय, मळीची धाकटी बहीणच!

"अहो, तो उसाचा रस असतो! आणि उकळता!" सुनंदा ओरडली.

"रस तो रस!" मी म्हणालो, आणि संध्याकाळच्या भाजीची सगळी भेंडी ठेचली.

तिचं पाणी फडक्यातून गाळून मी दुपारी ताज्या अननसाच्या रसात ढवळलं, आणि काय सांगू! फेस सायीसारखा एकत्र झाला. तो मी अलगद उचलून टाकला. खाली सोन्यासारखा रस! चव बघणार, इतक्यात बेल वाजली.

माधवरावांनी ग्लास उजेडात धरला. "बरं अहे की! नुरै कांहींच नाहीं?" नुरै म्हणजे फेस. मी सुनंदाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग इकडच्या रिवाजाप्रमाणे, ग्लास उष्टा होऊ नये म्हणून, माधवरावांनी मान मागे टाकली, ग्लास चांगला वर धरला आणि तिरका केला.

काहीच पडेना. त्यांनी आणखी तिरका केला. तेव्हा रसाची एक जाड तार खाली उतरली, तोंडात शिरली, आणि तुटेचना! त्यांनी ग्लास टीपॉयवर ठेवला, तार तशीच. ते उजवीकडे वळले, तार उजवीकडे वळली. "म्... म्..." एवढंच त्यांना बोलता येत होतं. श्रीराम रुमाल घेऊन धावला, तर तोही त्या तारेत अडकला! अनघाच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे.

शेवटी सुनंदानं कात्री आणली आणि तार कापली. (होय, कात्री!)

"काय घाटलंत ह्यांत?" श्रीरामच्या आईनं, पद्माबाईंनी, हळूच विचारलं.

"भेंडी," मी म्हणालो.

"भेंडी? ज्यूसांत?" त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, संपलं सगळं! पण त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसत होत्या. "इतकीं वर्षं संसार केला, ह्यांना गप्प बसलेलं आजच पाहिलं!"

माधवरावांनी मिशी पुसली. "सरि, सरि, असूं दे. लेकीनं स्वयंपाक बापाकडून शिकला नाहीं ना?"

"नाही!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

"मग मुहूर्त पाहूं!"

अनघा हसली, रडली आणि मग मला जोरात चिमटा काढला. तोवर सुनंदानं फ्रीजमधून झाकलेला जग आणला. माझा भरवसा नाही म्हणून तिनं सकाळीच गुपचूप वेगळा रस करून ठेवला होता. फेस आपोआप बसला होता! माधवरावांनी दोन ग्लास घेतले, तेही वरूनच.

लग्नात त्यांच्याकडून देण्याघेण्याचं काही बोलणंच निघालं नाही. अट एकच: वधूपिता स्वयंपाकघराच्या आसपास दिसता कामा नये. पाहुण्यांना शहाळी दिली, कारण त्यात मला काही मिसळता येत नाही.

मला सगळं मान्य आहे. पण माझ्या त्या ग्लासात फेस नव्हता, म्हणजे नव्हता! हवं तर माधवरावांनाच विचारा. (आता त्यांना बोलता येतं.)