पित्ताची गोळी

बेबाबाई दुकानाची पायरी चढली की मी श्वास रोखायचो. अंगाला गेरू फासलेला, वरून आमसुलाचं पाणी, त्यात दिवसभराचा घाम आणि डाळीचा भुसा. मानेवर, दंडावर लाल लाल गांधी उठलेल्या. ती खाजवायची आणि नखांत गेरू भरायचा. मला किळस यायची, लपवून काय करू?

"लीलाधरभाऊ, पित्तनी गोळी दे."

जळगावातल्या औषधाच्या दुकानात मी बारा वर्षं काउंटरवर उभा आहे. पित्ताची गोळी म्हटलं की हात आपोआप ॲसिडिटीच्या खोक्याकडे जातो. समोर गांधी दिसत होत्या, तरी तिकडेच गेला. पाकीट मी काचेवर ठेवायचो आणि बोटानं पुढे सरकवायचो. तिच्या हाताला हात लागायला नको.

ही बाई दोंडाईचाकडची. नवरा गेल्यावर एकटीच जळगावला आली आणि डाळ मिलमध्ये निवडणीला बसली. खडा तिच्या नजरेतून सुटत नसे. गावात तिच्या बापाला चहाच्या टपरीवर वेगळा पेला असायचा. बापानं घरात बुद्धवंदना शिकवली आणि पोरीला बजावलं, वेगळ्या पेल्यातलं पाणी कधी पिऊ नकोस. जळगावात ती वीस वर्षं सगळ्यांच्या माठातलं पाणी ताठ मानेनं प्यायली.

मग हे पित्त उठलं. बरोबरच्या बायकांनी आधी तिला घोंगडीवर लोळवलं. गुण येईना, तेव्हा "लागनारा रोग शे" म्हणत लांब बसवलं. माठाशेजारी तिच्यासाठी प्लास्टिकचा वेगळा ग्लास आला. मुकादम चिंधानं सांगून टाकलं, पंधरा दिवसांत अंग साफ झालं नाही तर येऊ नको. आणि हे सगळं मला सांगून ती माझ्याच गोळ्या नेमानं खात राहिली.

तेराव्या दिवशी ती कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मृणाली. पदरातलं माझं पाकीट तिनं दाखवलं असणार, कारण दुपारी मला फोन आला.

"ही पोटाची गोळी तुम्ही दिलीत?"

"पित्ताची मागितली होती, मॅडम."

"अहो, अंगावर उठतं त्यालाही आपण पित्तच म्हणतो! कातडीतल्या पेशी हिस्टॅमिन सोडतात. तो शरीरातला निरोप्या. रक्तवाहिन्यांना सांगतो, पाणी झिरपू द्या, की गांधी उठते. नसांना सांगतो, की खाज सुटते. पोटात जाऊन तोच सांगतो, आम्ल बनवा. पण निरोप घेणारी दारं दोन्हीकडे वेगळी. तुम्ही पोटाचं दार लावलंत, कातडीचं सताड उघडं. आणि हे कुणाला लागत नाही, एवढं तरी तुम्हाला माहीत असेल ना?"

माहीत होतं, तेच तर सांगतोय. ॲलर्जीच्या गोळ्या शेजारच्याच खणात होत्या. पण कुठे उठलंय, कधीपासून, हे विचारायचं तर तिच्याकडे नीट बघावं लागलं असतं. ती लवकर टळावी म्हणून मी हाताला येईल ते दिलं. थू माझ्या अनुभवावर. गेरूच्या वासाची किळस धुतली की जाते, स्वतःची आलेली ही किळस जात नाही.

डॉक्टरांच्या गोळीनं चौथ्या दिवशी अंगावरचं पित्त उतरलं. त्यांची चिठ्ठी वाचून चिंधानं आधीच चार दिवसांची मुदत वाढवली होती, त्यामुळे काम राहिलं. पुढच्या गोळ्या घ्यायला ती आली तेव्हा गेरू नव्हता, कातडी स्वच्छ होती.

"अक्का, आता सगळ्यांच्याच ग्लासनं पाणी पिता ना?"

"मना येगळा गलास शे ना, भाऊ," ती सहज म्हणाली.

मी काउंटरबाहेर आलो आणि गोळ्या तिच्या हातात द्यायला हात पुढे केला. ती दोन पावलं मागे सरली.

"काचवरच ठेव, भाऊ. तुले लागी जाई."

मी तिच्या तोंडावर टोमणा शोधला, सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.