आई ‘न्हाई’ म्हणाली

“बाई, तुमच्या रक्तात एक एन्झाइम जवळजवळ नाहीच,” भुलेचे डॉक्टर म्हणाले. एन्झाइम म्हणजे शरीरातली मोडतोड करणारा पदार्थ. याचं नाव स्यूडोकोलिनेस्टरेझ. याचं थोरलं भावंड मज्जातंतूंपाशी असतं आणि स्नायूला पोचलेला निरोप पुसून टाकतं. हे धाकटं रक्तात हिंडतं. “याचं रोजचं काम काय, ते आम्हालाही ठाऊक नाही. याच्यावाचून माणूस म्हातारा होईपर्यंत मजेत जगतो. पण भूल देताना स्नायू सैल करायचं एक इंजेक्शन देतो, ते मोडायला दुसरं कुणी नाही.”

ते कळायच्या आधी मला जे भोगावं लागलं, ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

दुष्काळाचं साल होतं. मी पुणतांब्याच्या शाळेत शिक्षिका. पोटात उजवीकडे कळ यायची, ओकाऱ्या व्हायच्या. काढे पिऊन झाले, मग नगरचा दवाखाना. अपेंडिक्स, म्हणजे आतड्याचं शेपूट, सुजलं होतं. भुलेच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, घरात कुणाला भुलेचा त्रास झालाय का? आई म्हणाली, “न्हाई, कोनाला न्हाई.”

टाके घातल्यावर मला जाग आली. जागे होते ते फक्त कान आणि कातडी. पापणी उचलेना, बोट हलेना, छातीही हलेना. डॉक्टर रबरी फुगा दाबत होते, तेवढाच माझा श्वास. ते हात बदलायला थांबले की मी गुदमरायची.

कुणीतरी दंडाला कचकचून चिमटे काढले. प्रत्येक चिमटा कळला. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, “मेंदूच गेलाय. किती वेळ दाबत बसणार?”

मग आई आणि मामीला आत बोलावलं. शेवटचं बघून घ्या म्हणून असणार. मामी हळूच म्हणाली, “वन्सं, आक्कांचं असंच झालं हुतं की. टाके घातले अन् श्वासच न्हाई आला. सांगा डाक्टरला.”

आक्का म्हणजे माझी मावशी. ती तापाने गेली असंच मला सांगितलेलं होतं.

“गप,” आई म्हणाली. “सुमीची सुपारी फुटलीय. घरात खोड हाय कळल्यावर कोन करंल तिला?”

सुमी माझी धाकटी बहीण. भुलेच्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “नीट आठवा, यावर सगळं ठरणार आहे.” आईचा हात माझ्या कपाळावर होता. “न्हाई,” ती म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. “डोळ्यांतलं औषध ओघळतंय,” म्हणत नर्सने ते पुसलं.

भुलेचे डॉक्टर हट्टी होते म्हणून मी आहे. “नाडी चालू आहे, मी सोडणार नाही,” म्हणाले आणि दाबत राहिले. ऊन उतरल्यावर माझी करंगळी हलली. त्या माणसाची मी जन्माची ऋणी आहे.

आवाज फुटताच मावशीचं त्यांना सांगितलं. रक्त मुंबईला गेलं, एन्झाइम जवळजवळ नसल्याचं उत्तर आलं. “आईवडील नात्यातले?” डॉक्टरांनी विचारलं. हो, आई ही माझ्या वडिलांची मामेबहीण. “मग बहिणीलाही हे असू शकतं. तिला सांगा.”

आईने माझे पाय धरले, लग्न होईस्तोवर थांब म्हणून. मी थांबले नाही, सुमीला सांगितलं. तिने ते भोळेपणाने होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं आणि सुपारी मोडली. “ताई, तू तवाच मेली असतीस तर बरं झालं असतं,” सुमी म्हणाली.

पुढे तिला अकोल्याकडे एका बिजवराला दिली. मला बोलावलं नाही. तिचं बाळ मी अजून पाहिलेलं नाही. आमचं घर फुटलं ते फुटलंच. तरी तुम्हाला सांगते, घरातलं कुणी ऑपरेशनच्या टेबलावर गेलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. मोडू देत लग्नं.

सुमीचं बाळंतपण अडलं, तेव्हा पोट फाडायचं ठरलं. मामी तिथेच होती, तिने मला सांगितलं. तिथल्या नव्या डॉक्टरांनी आईला तेच विचारलं, आणि सवयीने आई म्हणाली, “न्हाई, कोनाला न्हाई.”

“खोटं हाय ते,” सुमी टेबलावरून ओरडली. “माझ्या ताईला ते इंजेक्शन चालत न्हाई. मला देऊ नका.”